अतिरिक्त वस्तूंची नीती : चिनी प्राचीन लाकूडकाम आणि आधुनिक घर

१

उत्तर चीनमधील जुन्या घरांत 'कांग' नावाचा विटांचा ओटा असे. त्याच्या पोकळीतून चुलीची ऊब फिरवली जाई आणि हिवाळ्यात कुटुंबाचे बसणे, जेवणे, झोपणे याच ओट्यावर होई. या ओट्यावर ठेवण्यासाठी सुतार बुटकी मेजे घडवीत. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढीच त्यांची उंची असे. आज असे मेज न्यूयॉर्क वा लंडनमधील दिवाणखान्यात सोफ्यासमोर ठेवलेले आढळते आणि त्यास कॉफीचे टेबल म्हटले जाते. पूर्वजांच्या पूजेची पात्रे मांडावयाच्या लांब मेजावर दूरचित्रवाणी संच येतो. वस्त्रांच्या कपाटात मद्याच्या बाटल्या येतात. वस्तू तीच राहते; तिच्या भोवतीचे वाक्य मात्र बदललेले असते.

साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत या घटनेस 'पुनर्संदर्भीकरण' म्हणता येईल. एका संस्कृतीत निर्माण झालेली संहिता दुसऱ्या संस्कृतीतील वाचक आपल्या अपेक्षांच्या क्षितिजावर वाचतो आणि त्या वाचनातून नवा अर्थ संभवतो, हे आता सर्वमान्य झालेले आहे. मग कांगवरील मेजाचे कॉफीच्या टेबलात झालेले रूपांतर हेही एक वाचनच मानून स्वीकारावे काय? या प्रश्नास होकार देण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. संहिता वाचनाने झिजत नाही. हजार वाचकांनी हजार विपरीत अर्थ लावले तरी पुढील वाचकासाठी ती अक्षत उरते. खुर्चीचे तसे नाही. खुर्चीवर बसणे, तिची जागा बदलणे, तिचा रंग खरवडणे, तिचे पाय कापणे ही सारी 'वाचने' तिच्या देहावर कायमची उमटतात. जेथे अर्थनिर्णयन आणि वस्तूचा नाश यांतील अंतर एवढे कमी होते, तेथे प्रश्न केवळ आस्वादाचा राहत नाही, तो नीतीचा होतो. परक्या भूतकाळातील वस्तू आपल्या घरात आणणाऱ्याचे त्या वस्तूशी, ती घडवणाऱ्याशी आणि ती ज्यांच्याकडून आली त्यांच्याशी कोणते दायित्व असते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

या प्रश्नाचे एक सरळ उत्तर नेहमी दिले जाते. वस्तू तिच्या मूळ संदर्भातच अर्थपूर्ण असते. तेथून हलवणे हाच मूळ अपराध होय. या उत्तरातील नैतिक आवेग समजण्यासारखा असला तरी 'मूळ संदर्भ' ही कल्पना तपासून पाहिल्यावर टिकत नाही.

मिंग राजवटीच्या (१३६८-१६४४) अखेरच्या काळात सूचौ नगरातील वेन झेनहेंग (१५८५-१६४५) याने 'झांगवू झी' हा बारा प्रकरणांचा ग्रंथ रचला. विख्यात चित्रकार वेन झेंगमिंग याचा हा पणतू. घर, बाग, फुले, चित्रे, मेजे, पलंग, धूपपात्रे यांपैकी काय अभिजनास शोभते आणि काय ग्राम्य ठरते, याचा निवाडा हा ग्रंथ करतो. ग्रंथाच्या नावाचा अर्थ मात्र चकित करणारा आहे : अतिरिक्त, म्हणजे गरजेपलीकडील वस्तूंविषयीचे विवेचन. या नावामागे पाचव्या शतकातील एका कथासंग्रहातील आख्यायिका उभी आहे. वांग गोंग नावाचा गृहस्थ बांबूच्या सुंदर चटईवर बसला असता त्याच्या आप्ताने ती मागितली. याच्याकडे अशा अनेक असतील, अशी त्याची समजूत होती. वांग गोंग काही बोलला नाही. पाहुणा गेल्यावर त्याने तीच चटई त्याच्याकडे पाठवून दिली आणि स्वतः गवताच्या आसनावर बसू लागला. आप्तास हे कळून तो वरमला, तेव्हा आपल्याजवळ अतिरिक्त असे काही नसतेच, एवढाच खुलासा वांग गोंगने केला.

ज्या ग्रंथाने अभिरुचीच्या वस्तूंची यादी केली, त्याने त्या वस्तूंना निःसंगाच्या कथेतून नाव द्यावे, यात एक अस्वस्थ आत्मज्ञान आहे. वेन झेनहेंगच्या काळात व्यापारामुळे नवा पैसा आला होता. १५६७ साली सागरी व्यापारावरील निर्बंध शिथिल झाल्यानंतर दक्षिणेकडील टणक लाकडाची आवक सुलभ झाली होती, आणि पूर्वी विद्वानाच्या अभ्यासिकेची खूण असलेले मेज आता व्यापाऱ्यासही विकत घेता येऊ लागले होते. वस्तू सर्वांना मिळू लागली, म्हणून ती 'कशी' बाळगावी याच्या नियमांना महत्त्व आले. प्राचीनतेचा आदर, नव्या घडणीविषयीची नापसंती, अस्सल आणि नक्कल यांतील भेदाचा ध्यास या आधुनिक संग्राहकाच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या वृत्ती त्या ग्रंथात पूर्णपणे उपस्थित आहेत. निरागस वापराचा एक मूळ काळ होता आणि नंतर बाजार आला, असा क्रम येथे लावता येत नाही. बाजार आरंभापासून घरातच होता.

खुर्ची या वस्तूचीही कथा अशीच मिश्र आहे. प्राचीन चीनमध्ये लोक चटईवर बसत. घडीच्या आसनाचे तेथील जुने नाव 'हूचुआंग' हे त्याच्या परकेपणाची, उत्तर-पश्चिमेकडील परकीयांची खूण बाळगून आहे. हान सम्राट लिंग (राज्यकाळ १६८-१८९) याच्या परकीय वस्तूंच्या हौसेत या आसनाचा उल्लेख येतो. पाठ असलेल्या खुर्चीच्या प्रसारात बौद्ध विहारांचा, म्हणजे भारतातून निघालेल्या भिक्षुजीवनाच्या आचाराचा, वाटा होता असे प्रतिपादन जॉन कीश्निक यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. सोंग काळापर्यंत (९६०-१२७९) खुर्ची व उंच मेज चिनी घरात रुळले. जी वस्तू आज चिनीपणाचे सार म्हणून मिरवली जाते, तीच एकेकाळी परघरातून आलेली होती. तेव्हा स्थलांतर हाच दोष मानावयाचा, तर तो दोष खुर्चीच्या जन्मातच आहे.

३

मूळ संदर्भाचा आग्रह असा ढासळल्यावर दुसरे टोक गाठण्याचा मोह होतो. कोणतेही वाचन वैधच असेल, तर आधुनिक घराचे वाचनही वैध. या भूमिकेची परीक्षा इतिहासाच्या आधारेच करता येते, कारण विसाव्या शतकाने चिनी लाकूडकामाचे जे वाचन केले ते सुस्पष्टपणे नोंदले गेले आहे.

पेइचिंगमध्ये अध्यापन करणारे जर्मन विद्वान गुस्ताव एके (१८९६-१९७१) यांनी १९४४ साली चिनी घरगुती लाकूडकामावरील आपला ग्रंथ अवघ्या २०० प्रतींत प्रसिद्ध केला. यांग याओ यांनी काढलेली सांध्यांची मोजमापासहित रेखाटने हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये हान्स वेग्नर यांनी मिंग खुर्चीच्या प्रेरणेने आपली 'चिनी खुर्ची' घडवली. दोन्ही घटनांमागे एकच दृष्टी होती. अलंकरणाचा त्याग, रचनेचा प्रामाणिकपणा, रेषेची शुद्धता ही आधुनिकतावादाची मूल्ये मिंग सुताराच्या कामात आधीच साकार झालेली आहेत, असे त्या दृष्टीस वाटले.

हे वाचन फलदायी होते, यात शंका नाही. त्याने एका दुर्लक्षित कलेस प्रतिष्ठा दिली. परंतु त्याने जे पाहिले नाही तेही नोंदवावयास हवे. जुन्या चीनमधील बहुसंख्य सामान मऊ लाकडाचे आणि रोगण चढवलेले होते. खुर्च्यांवर भरजरी आच्छादने घालण्याची, मेजांसमोर रंगीत वस्त्रे सोडण्याची प्रथा होती. उघड्या लाकडाची निर्मळ रेषा हे त्या जगाचे सर्वस्व नव्हते. आधुनिकतावादी डोळ्याने केलेली ती निवड होती. आणि ही निवड केवळ नजरेत राहिली नाही. बाजारास उघडे, चमकदार लाकूड हवे, म्हणून जुने रोगण आणि शतकांच्या हाताळणीने आलेली तुकतुकी खरवडून वस्तू पुन्हा घासण्यात आल्या. सोफ्याच्या उंचीस जुळावे म्हणून उंच मेजांचे पाय कापण्यात आले. 'अभिजात चिनी लाकूडकाम' हा वर्ग अशा रीतीने सिद्ध झाला. वाङ्मयाच्या इतिहासात अभिजाताची घडण कशी होते याची चर्चा करणाऱ्यांना ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच, की वाङ्मयात वगळलेली संहिता ग्रंथालयात धूळ खात का होईना, उरते. येथे वगळलेले रोगण भुसा होऊन गेले.

झाँ बोद्रियार यांनी १९६८ साली वस्तुव्यवस्थेचे विश्लेषण करताना प्राचीन वस्तूस व्यवस्थेच्या कडेची वस्तू मानले. कार्यात्मक घरात तिला कार्य नसते; ती कालाचे चिन्ह म्हणून तेथे असते आणि मालकास उगमाचा, वंशाचा आभास पुरवते. हे विश्लेषण मार्मिक आहे, तथापि ते अपुरे आहे. चिन्ह म्हणून वस्तू पूर्णतः शोषली गेली असती, तर पाय कापणे आणि न कापणे यांत भेद करण्याचे कारण उरले नसते; दोन्ही अवस्थांत ती 'प्राचीनता' सारख्याच सुबोधपणे सुचवते. तरीही कापलेल्या मेजासमोर काही गमावल्याची जाणीव होते. चिन्हव्यवस्थेच्या हिशेबात न बसणारा हा अवशेष म्हणजे वस्तूचे वस्तुपण. येथेच एक मर्यादा आखता येते. जे वाचन वस्तूवर नवा अर्थ चढवते पण पूर्वीचे व पुढील अर्थ शक्य ठेवते, ते स्वातंत्र्य होय. जे वाचन इतर वाचनांची शक्यताच कापून टाकते, ती हिंसा होय. कांगचे मेज सोफ्यासमोर ठेवणे हे पहिल्या प्रकारात मोडते. उंच मेजाचे कांगचे मेज करणे दुसऱ्या.

४

रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा त्यांच्यासमोर नाव असलेला लेखक होता. चिनी सुताराच्या बाबतीत ही घोषणा निरर्थक ठरते, कारण त्यास मरण्यापुरतेही नाव मिळाले नव्हते. मिंग काळातील लाकूडकामावर कारागिराची सही नसते. राज्याच्या नोंदींत कारागीर हा वंशपरंपरागत वर्ग होता. त्याने पाळीपाळीने राजधानीत जाऊन सरकारी काम करावयाचे असे, आणि १५६२ मध्ये ही पाळी चांदीच्या रूपाने भरणा करण्यात बदलली. 'लू बान जिंग' या सुतारविद्येच्या पोथीत मापे आहेत, शुभदिवस आहेत, घरमालकावर गुपचूप करावयाच्या तोडग्यांचीही माहिती आहे. व्यक्ती मात्र नाही. ज्याचे नाव इतिहासाने कधी घेतलेच नाही, त्याच्या हेतूपासून वाचकास मुक्त करण्यात कोणते शौर्य?

आणि तरीही त्याचा हेतू नाहीसा झालेला नाही. तो सांध्यात आहे. मिंग मेजाचा पृष्ठभाग म्हणजे चौकटीच्या आतील खोबणीत सैल बसवलेली फळी. चौकटीचे कोपरे तिरपे कापून कुसू आणि खाच यांनी जोडलेले असतात; खिळा नसतो, आणि फळी खोबणीत चिकटवलेली नसते. लाकूड पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यात आकसते, हे सुतार जाणत होता. म्हणून त्याने फळीस हलण्यापुरती जागा सोडली. ही मोकळी फट म्हणजे त्याने भविष्याविषयी केलेले विधान आहे : ही वस्तू अनेक ऋतूंतून जाईल, आणि सांधा तिला तसे जाऊ देईल.

केंद्रीय तापनाच्या घरात हिवाळ्यातील हवा कोरडी होते. अशा घरात जुनी फळी सुताराने सोडलेल्या जागेपलीकडे आकसते आणि प्रसंगी चिरते. अडाणी दुरुस्तीत कोणी ती चौकटीस चिकटवून टाकली असेल, तर ती हमखास चिरते. त्या चिरेस वस्तूने वाचकास दिलेले उत्तर म्हणता येईल. अर्थ वाचक निर्माण करतो हे खरे असले, तरी लाकूड कोणत्या दिशेने आकसावे हे वाचक ठरवीत नाही. निनावी कारागिराशी असलेले दायित्व त्याच्या नावाच्या स्मरणात शोधण्याचे कारण नाही. ते त्याने सोडलेली फट बुजू न देण्यात आहे. येथे ज्ञान हीच नीतीची पहिली पायरी ठरते. वस्तू कशी बांधली आहे हे न जाणणाऱ्याचे प्रेमही तिला घातक होऊ शकते.

५

कारागिरानंतर प्रश्न येतो तो वस्तू ज्यांच्याकडून आली त्यांचा. येथे संग्राहकाच्या बाजूने एक प्रबळ युक्तिवाद केला जातो, तो म्हणजे उद्धाराचा. वस्तू बाहेर गेल्या नसत्या तर नष्ट झाल्या असत्या. यात तथ्य आहे. वांग शिश्यांग (१९१४-२००९) यांनी १९५७ मध्येच जुने लाकूडकाम वाचवण्याचे आवाहन करणारा लेख लिहिला होता. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा स्वतःचा संग्रह जप्त झाला आणि त्यांना हूपेइ प्रांतातील श्रमशाळेत धाडण्यात आले. पुढे सामान परत मिळाले; पेइचिंगमधील अपुऱ्या खोल्यांत ते एकावर एक रचून ठेवावे लागले. १९८५ मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्या ग्रंथानेच जगभरच्या संग्राहकांची भूक वाढवली. १९८० नंतर दलाल गावोगाव फिरू लागले; वापरातली जुनी मेजे व कपाटे अल्प किमतीत उचलली जाऊन हाँगकाँगमार्गे बाहेर गेली. रक्षणाचे ज्ञान आणि उपशाचे ज्ञान एकाच पानावर छापले गेले, ही या कथेतील शोकात्म बाजू होय.

म्हणून उद्धाराचा युक्तिवाद संकटकाळापुरताच ग्राह्य मानावा लागतो. आग लागलेल्या घरातून मेज बाहेर काढणाऱ्याचे आभार मानता येतात. आग विझल्यावरही तो मेज काढतच राहिला, तर त्या कृतीस वेगळे नाव द्यावे लागते. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये कॅलिफोर्नियातील एका संग्रहालयाच्या १०७ चिनी वस्तूंचा लिलाव झाला आणि या बाजाराचे स्वरूप पालटले. मार्च २०१५ मध्ये त्याच नगरात हुआंगहुआली लाकडाच्या चार गोल पाठीच्या खुर्च्यांचा संच ९६ लाख ८५ हजार डॉलरना विकला गेला.

हुआंगहुआली हे हैनान बेटावरील लाकूड. मराठी घरांना परिचित असलेल्या शिसवाच्याच वनस्पतिकुलातील. झितान हे दुसरे प्रतिष्ठित लाकूड मुख्यतः रक्तचंदन म्हणून ओळखले जाते, आणि रक्तचंदनाचा वृक्ष पूर्व घाटाच्या दक्षिण भागातच नैसर्गिकरीत्या वाढतो. जुन्या वस्तू दुर्मीळ झाल्या तशी जुन्या घाटाच्या नव्या वस्तूंची मागणी वाढली, आणि आंध्र प्रदेशातील जंगलांतून रक्तचंदनाची तस्करी होऊ लागली. ७ एप्रिल २०१५ रोजी शेषाचलम् जंगलात पोलिसांच्या गोळीबारात तमिळनाडूतून आलेले २० लाकूडतोडे मारले गेले. ती खरी चकमक होती काय, यावर तीव्र वाद झाला. न्यूयॉर्कमधील लिलाव आणि तीन आठवड्यांनी झालेला हा गोळीबार यांत थेट कार्यकारणभाव नाही. लाकूडही वेगळे आहे. तथापि प्राचीनतेच्या इच्छेची एक अर्थव्यवस्था असते. तिच्या एका टोकास प्रकाशझोतातील खुर्ची असते आणि दुसऱ्या टोकास मजुरीसाठी जंगलात शिरलेला मनुष्य. मिंग सुताराप्रमाणे तोही वस्तूवर सही करीत नाही.

हा संबंध भारतीयांना केवळ दूरचा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील पारशी व्यापाऱ्यांच्या घरांत कँटनहून आलेले कोरीव चिनी सामान शोभू लागले, ते ज्या व्यापारातून आले त्यात कापसाबरोबर अफूही होती. सुंदर वस्तूच्या वाटेवर काय वाहिले, हा प्रश्न तेथेही दिवाणखान्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवला गेला.

६

मग आधुनिक घराने काय करावे? वस्तू संग्रहालयात द्यावी, हे उत्तर वांग शिश्यांग यांच्या आचरणातून मिळते. त्यांच्या संग्रहातील ७९ वस्तू १९९३ मध्ये शांघाय संग्रहालयात गेल्या. हाँगकाँगमधील ज्या कुटुंबाने त्या बाजारभावाहून कमी किमतीत घेतल्या, त्याने त्या संग्रहालयास द्याव्यात, ही विक्रीचीच अट होती. हे आचरण आदरणीय आहे; परंतु ते सार्वत्रिक नियम होऊ शकत नाही. दोरीपलीकडची खुर्ची कोणासही बसू देत नाही, आणि ज्यावर कोणी बसत नाही ती खुर्ची हळूहळू खुर्चीचे चित्र होते. शिवाय बहुसंख्य जुन्या वस्तू संग्रहालयाच्या योग्यतेच्या नसतात. झिजलेले मेज, वेत बदललेली खुर्ची, गावातले साधे कपाट यांना घराखेरीज जागा नाही. घर त्यांचे स्वाभाविक स्थान आहे. प्रश्न घर की संग्रहालय हा नाही. वस्तूच्या आयुष्यात हे घर मुक्काम आहे की अंतिम स्थानक, हा आहे.

मुक्काम मानल्यास तीन बंधने आपोआप निघतात. पहिले सत्याचे : वस्तूचा प्रवास लपवू नये, कांगच्या मेजास अफूचे मेज वा विवाहाचे मेज असे विक्रीस उपयुक्त नाव देऊ नये आणि ती कोठून, कशी आली हे ठाऊक असेल तेवढे सांगावे. दुसरे परिवर्तनीयतेचे : जे उलटवता येणार नाही ते वस्तूस करू नये. तिसरे मर्यादेचे : जुनी वस्तू नसेल तर जुन्याचा आभास विकत घेऊ नये, कारण आभासासाठीही खरे झाड आणि खरा मनुष्य लागतो. या बंधनांत वापराला मनाई नाही. चहाचा पेला ठेवावा, पुस्तक ठेवावे. झीज हीही वस्तूच्या चरित्रातील एक ओळ होय. खुर्चीच्या पुढल्या आडव्या पट्टीवर शतकांच्या पावलांनी पाडलेला खोलगटपणा कोणी दोष मानीत नाही. पाऊल ठेवणारे ती पट्टी आपल्या मापाने कापून टाकत नव्हते, एवढेच त्याचे कारण.

वेन झेनहेंग याचा शेवट या संदर्भात आठवावा असा आहे. १६४५ मध्ये सूचौ मांचू सैन्याच्या हाती पडल्यावर त्याने अन्नत्याग करून मरण पत्करले, असे परंपरा सांगते. मेजाची उंची आणि धूपपात्राची जागा यांवर ज्याने एवढी शाई खर्च केली, त्यास कोणती वस्तू अतिरिक्त आणि कोणती नव्हे हे अखेरीस चांगले ठाऊक होते. त्याच्या ग्रंथाचे नाव म्हणूनच केवळ विनयाचे ठरत नाही. वस्तूंवर मनःपूर्वक प्रेम करण्याचा अधिकार त्या सोडता येण्याच्या सामर्थ्यातून येतो, हे त्या नावात गृहीत आहे. वांग गोंगची चटई सुंदर होती आणि तो तिच्यावर बसतही होता. ती दुसऱ्याकडे गेली, तेव्हा तिच्या कडा कापल्या गेलेल्या नव्हत्या.